तोरणमाळला निघताना
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



तोरणमाळला विमान जात नाही. सुरतपर्यंत विमानानं जाणाऱ्यांनी गाडी सोसायटीतच ठेवावी; विमानतळावर पार्किंगचं भाडं दिवसागणिक चढतं. सुरतहून रेल्वेनं नंदुरबार, पुढे शहाद्यावरून घाट. ज्येष्ठांनी पुढच्या सीटवर बसावं. सीताखाईच्या कड्यावर मुलांचा हात सोडू नये.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांनो, उतारावर न्यूट्रल करू नका. पेट्रोल वाचवायला मी केली. ब्रेक तापले, पेडल थेट खाली गेलं. मागे आई बसली होती. दुसऱ्या गियरनं आणि हँडब्रेकनं वाचलो. आई काहीच बोलली नाही; तेच जास्त लागलं.

चढावर गाडी उभी करताना गियरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. निघताना तो बाजूला काढा. मागून येणाऱ्याच्याही गाडीत कुणाची तरी आई असते.