हातचं राखून

संगतीचा महिमा आपण पुष्कळ ऐकतो. संगत म्हटलं की आपल्याला देऊळ आठवतं, दिंडी आठवते, एकादशी आठवते. पण तुमच्या दिवसाचे आठ-दहा तास जातात कुठं? कारखान्यात, कचेरीत, दुकानात, बाजार समितीच्या गाळ्यावर. तिथं शेजारी जो उभा आहे त्याच्याशी आपलं सख्य आहे का? वाटेवर अनोळखी माणसाच्या पाया पडणारा आपला वारकरी, कामावर शेजारच्याला ‘जेवलास का रे’ म्हणून तरी विचारतो का? ज्यानं त्यानं मनाशी उत्तर द्यावं. आज त्या आठ-दहा तासांतल्या संगतीबद्दल बोलायचं आहे.

मुंबईचे डबेवाले बघा. बहुतेक आपल्याच वाटेचे, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोल्याकडले. डोक्यावर टोपी, गळ्यात माळ. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. करोनाच्या आधी साधारण पाच हजार माणसं रोज दीड-दोन लाख डबे पोचवीत होती. एक जण घरून डबा उचलतो, दुसरा स्टेशनावर खुणा बघून निवडतो, तिसरा लोकलमधून नेतो, चौथा साडेबारा-एकच्या सुमाराला जेवणाऱ्याच्या हाती देतो. झाकणावर थोडे आकडे, थोडी अक्षरं, रंगाच्या खुणा. बस्स! इंग्लंडचा राजपुत्र 2003 साली चर्चगेटला येऊन हे बघून गेला, आणि 2005 साली त्याच्या लग्नाला आपल्यातले डबेवाले पाहुणे म्हणून गेले.

लोक त्या खुणांचं कौतुक करतात. मला कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. टोळीत जो पैसा येतो तो खर्च वजा जाता सारखा वाटून घेतात. मग तुझं गिऱ्हाईक, माझं गिऱ्हाईक ही ओढाताण राहतेच कुठं? एकाला ताप आला तर दुसरा त्याची आळी उरकतो. कारण तो डबा चुकला तर नाव एकट्याचं जात नाही, सगळ्या टोळीचं जातं. आणि गावच्या जत्रेला सगळे मिळून सुट्टी घेऊन जातात, गिऱ्हाइकाला आधी सांगून. सख्य म्हणजे गोड बोलणं नव्हे हो! सख्य म्हणजे दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायची तयारी.

आता कुणी म्हणेल, महाराज, त्यांचं जमलं, आमच्याकडं कसं जमायचं? एका कारखान्यातल्या मुलानं मला हेच विचारलं. म्हणाला, “साहेबांनी एक नवा पोरगा माझ्या हाताखाली दिलाय. मी कंत्राटी, तोही कंत्राटी. सगळं शिकवलं तर उद्या माझी गरज काय?” मायबाप, ही भीती खोटी नाही. ज्याच्या घरी लेकरं आहेत आणि पगार महिन्याच्या महिन्याला संपतो, त्याला ‘देव बघून घेईल’ एवढं सांगून मोकळं होणं हे कीर्तनकाराला शोभत नाही.

मी त्याला उलट विचारलं, “तू वारीला शेवटचा कधी आलास?” म्हणाला, “चार वर्षं झाली. रजाच मिळत नाही. ते यंत्र दुसऱ्या कुणाला येत नाही ना!” आता हसू नका! आपल्या कितीकांचं असंच आहे. हातचं राखून ठेवलं, आणि त्या राखलेल्यापाशी स्वतःच राखणदार होऊन बसलो. ना आजारी पडायची सोय, ना पंढरीला जायची. बरं, तुला हे काम आईच्या पोटात आलं होतं का? कुणीतरी म्हातारा मिस्त्री होता, त्यानं तुझा हात धरून फिरवला. त्यानं हातचं राखलं असतं तर तू आज कुठं असतास? आणि साहेबाचंही एक असतं. एक यंत्र चालवणारा त्याला मिळतोच, पण चार माणसं तयार करणारा सहजी सोडवत नाही. यात फसगत होत नाही असं नाही. शिकवलेला डोक्यावर बसतो, असंही बघितलंय मी. पण लपवून ठेवणाऱ्याला रात्री झोप लागलेली मात्र बघितली नाही.

उदारपणाचीही एक मर्यादा आहे, ती तुकोबांकडून घ्यावी. तुकोबा वाण्याचं दुकान करणारे, लोकांची येणी असलेले. ती कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, हे तुम्हाला पाठ आहे. पण त्याआधी काय केलं? भाऊ कान्होबा यांचा निम्मा वाटा वेगळा काढून दिला. बुडवले ते आपल्या वाट्याचे कागद. मालकाचा माल मित्राला दिला, त्याची खोटी हजेरी लावली, आणि म्हणतो मी उदार! अहो, ते दुसऱ्याच्या खिशातलं दान आहे. वेळ आपला द्या, कसब आपलं द्या, डब्यातली भाकरी आपली द्या.

आणि तुकोबांना सोबती कसे लाभले? चाकणचे संताजी जगनाडे, जातीनं तेली, स्वतःचा घाणा. चौदा टाळकऱ्यांतले एक. दिवसभराचं काम सांभाळून तुकोबांच्या तोंडचे अभंग लिहून घेत. त्यात आपलं नाव पुढं यावं ही हाव नाही. दोघंही संसारी, दोघंही धंद्यातले. परंपरा सांगते, त्यांचं एकमेकांना वचन होतं की जो मागं राहील त्यानं दुसऱ्याला माती द्यायची. तुकोबा आधी गेले. पुढं सुदुंबऱ्याला संताजींना समाधी देताना लोक माती लोटत होते, पण मुख काही झाकेना. मग तुकोबा वैकुंठाहून आले, आणि त्यांनी आपल्या हातानं मूठमाती दिली तेव्हा ते झाकलं.

टाळ उचला माउली. बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!