दान आणि अनुदान
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हेत. शाळा सातवीपर्यंत, पुढचे शिक्षण गिरणीच्या त्रासनखात्यात आणि याच विहाराच्या ग्रंथालयात झाले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गिरणी थांबली ती थांबलीच. तेव्हापासून वेळच वेळ आहे.

आज बोलायचे ते आपल्या गल्लीच्या टोकाला असलेल्या बेघरांच्या निवाऱ्याबद्दल. तो निघणार असे कळले तेव्हा "वस्तीत गर्दुल्ले येतील" म्हणून विरोधाचा अर्ज गेला होता. त्या अर्जावर आमचीही सही होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहील.

मग एके रात्री जुन्या चादरी द्यायला आम्ही तिथे गेलो. आत भिंतीला टेकून आमच्याच खात्यातला एक जुना बदली कामगार बसलेला. खोली भाड्याची होती, ती गेली. गावाला जमीन कधी नव्हतीच. दिवसा हातगाडी ओढायची, रात्री इथे पाठ टेकायची. आपल्या वाडवडिलांनी काय वेगळे केले? एका खोलीत वीस-वीस माणसे, दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला आडवा. आणि जागा नसली तर होताच फूटपाथ. हे आपण फार लवकर विसरलो बघा.

आता पैशाचे. पुष्कळांना वाटते, संस्थावाले धर्मादाय करतात आणि सरकार त्यांना बक्षिसी देते. तसे नाही. १९८५ साली मुंबईच्याच फूटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. २०१० मध्ये, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, शहरांतून चोवीस तास चालणारे निवारे काढा असे सांगितले. त्यातून २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याची योजना आली. लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय, असे माप. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. तेवढे काही उभे राहिले नाहीत. त्याच जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले, देशात १७ लाख ७३ हजार. मोजणारे रात्री ज्या पुलाखाली गेले नाहीत तिथली माणसे यात धरलेली नाहीत, एवढे लक्षात ठेवा.

म्हणजे काम सरकारचे. ते संस्थेकडून करून घ्यायचे म्हणून अनुदान. दान आपण देतो, ते आपल्या मनावर असते. अनुदान हे आपल्याच कराचे पैसे, ते कुणाच्या मनावर नसते.

आणि पैसे तरी किती? पन्नास जणांच्या निवाऱ्याला चालवण्यासाठी वर्षाला ६ लाख, तेही पाच वर्षे. आम्ही हिशेब करून पाहिला, माणशी रोजचे तेहतीस रुपये पडतात. यात वीज, पाणी, फिनेल, चादरी, डासांची औषधे. आणि चोवीस तास उघडे ठेवायचे म्हणजे तीन पाळ्यांच्या माणसांचे पगार आले. गिरणीत मुकादमाला असा हिशेब दाखवला असता तर त्याने हाकलूनच दिले असते.

तेही वेळेवर नाही. दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून पालिकेकडे, तिथून संस्थेकडे. मधे कुठे विनियोगाचा दाखला अडतो, कुठे साहेबांची बदली होते. संस्थेने आधी खर्च करायचा, बिले लावायची आणि वाट बघायची. मोठ्या संस्थेला देणगीदार असतात, ती तग धरते. लहान संस्था उसनवारीत बुडते. आपल्या इथला रात्रपाळीचा राखणदार पाच महिने पगाराविना होता. तरी आला. आम्ही त्याच्याबरोबर कचेरीत तीन खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला "फाईल वर आहे" एवढेच उत्तर. वर म्हणजे कुठे, ते अजून कळलेले नाही. पैसा नसतो असेही नाही. २०१६ साली न्यायालयानेच विचारले की निधी असून निवारे का नाहीत, आणि निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली.

ते अभियान सप्टेंबर २०२४ मध्ये संपले. फूटपाथवरची माणसे काही त्या तारखेला उठून गेली नाहीत. आमच्या त्या बदलीवाल्याने परवा विचारले, "हे किती दिवस चालंल, दादा?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कुणी म्हणेल, विहारातून वर्गणी काढू. चादरी, औषधे यासाठी जरूर काढा, आम्हीही देऊ. पण पगार आणि वीजबिल आपण वर्गणीतून भरू लागलो तर कचेरीवाले निश्चिंत होतील. तिथे मागणीच गेली पाहिजे. थकलेला हप्ता द्या, पुढच्या वर्षाची तरतूद पालिकेच्या अर्थसंकल्पात दाखवा, आणि किती आले, किती खर्च झाले याचा फलक निवाऱ्याच्या दारावर लावा. संस्थेचाही हिशेब लोकांना दिसू दे. तिलाही सूट नको.

तसा अर्ज आम्ही लिहून ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवला आहे. पहिली सही आमची आहे. मागच्या अर्जावर ज्यांच्या सह्या होत्या त्यांनी आधी यावे, बाकीच्यांनी मागून. सहीपुढे खोली नंबर लिहायला विसरू नका.

जयभीम.