कुणाला सांगायचं, ते मी ठरवीन

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं आपण बायकांना एकच सांगत आलो : बोला, गप्प बसू नका. मार खाता ते शेजारणीला सांगा, संघटनेत येऊन सांगा. 'जे खाजगी ते राजकीय' ही घोषणा मीही घसा बसेपर्यंत दिली आहे. आणि आज मीच म्हणणार आहे की सगळं सगळ्यांना सांगू नका. तुम्ही म्हणाल, बाईंचं वय झालं! पण जरा ऐकून घ्या.

दोन वर्षांपूर्वी माझ्या स्तनात गाठ निघाली. तुकडा तपासायला पाठवला, तो कर्करोग ठरला. नवरा बरोबर होताच. त्या संध्याकाळी मी आणखी चौघींना सांगितलं : धाकटी बहीण, दोन मैत्रिणी आणि जाऊ. मुलगी परगावी होस्टेलवर होती, तिची परीक्षा आठ दिवसांवर आलेली. पेपर संपले की स्वतः जायचं आणि जवळ बसवून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. रात्री साडेदहाला जाऊबाईंनी घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'आपल्या वहिनींसाठी सर्वांनी प्रार्थना करा', आणि खाली आजाराचं नाव. ग्रुपमध्ये ६२ माणसं. त्यातली एक माझी मुलगी.

अकराला तिचा फोन आला. रडली नाही. म्हणाली, "आई, काकूला आधी आणि मला असं?" मी काहीतरी सारवासारव केली. खरं उत्तर अजूनही सुचलेलं नाही.

जाऊबाईंच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. माझ्या ऑपरेशननंतर महिनाभर डबा त्यांनीच पोचवला. त्यांच्या लेखी घरातली बातमी घराची असते. ती एका बाईची कशी असेल? मग ६२ घरांतून हात जोडल्याची चित्रं आली, काढे आले, गोमूत्र आलं. एका मावससासूबाईंनी विचारलं, "हे आईकडून मुलीकडे येतं ना गं? तिचं लग्न व्हायचंय अजून." डॉक्टर सांगतात की शंभरातल्या पाच-दहा जणींमध्येच हा आजार वारशानं येतो. पण ते मी किती जणांना समजावत बसणार? माझ्या शरीराची बातमी माझ्या मुलीच्या स्थळांपर्यंत जाऊन पोचली होती.

हे काही फोनमुळे नवं आलेलं नाही. माझी आई सासरी आली तेव्हा तिची पत्रं आधी माझ्या आजोबांच्या हातात पडत. कार्ड तर पोस्टमनपासून सगळेच वाचत. म्हणून बाई माहेरी लिहायची, 'मी इकडे खुशाल आहे.' खरं लिहायचं ते चोरून, आणि निवडून. पुण्याच्या मंजुश्री सारडाची आठवण इथल्या जुन्या मैत्रिणींना असेल. लग्नाला चार महिने होतात तोच, १९८२ च्या जूनमध्ये ती गेली. तिनं मनातलं लिहिलं होतं ते बहिणीला आणि एका मैत्रिणीला. ती पत्रं कोर्टात पुरावा म्हणून वाचली गेली. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली संशयाचा फायदा देऊन पतीची सुटका केली, तो इतिहास तुम्हाला माहीत आहे. मला त्यातली एक गोष्ट सोडवत नाही : सांगायला तिनं दोन माणसं निवडली होती. ज्यांना सांगितलं जातं त्यांनी ऐकून पुढे काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आपल्या केंद्रात येणारी एक मैत्रीण नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या शहरात राहिली. नोकरी लागली तेव्हा हौसेनं ऑफिसच्या दारातला फोटो स्टेटसला टाकला. नवरा, सासू, दीर सगळ्यांना वगळून टाकला. पण चुलत नणंदेचा मुलगा यादीत राहून गेला. त्यानं फोटोचा फोटो काढून पुढे पाठवला. तिसऱ्या दिवशी नवरा त्या दारात उभा. आनंदाची बातमीसुद्धा बाईला मोकळेपणी सांगता येऊ नये, याचा मला फार राग येतो.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही, आणि डॉक्टरनं तिचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. डॉक्टरवर बंधन आहे. नणंदेवर आणि काकूवर मात्र कसलंच नाही, आणि खरं सांगायचं तर आपण कार्यकर्त्यांवरही फारसं नाही. एखादीची केस 'मदत हवी आहे' म्हणून आपण किती ग्रुपांवर फिरवतो? मीही फिरवली आहे, तिला न विचारता.

आता माझी सात जणांची यादी आहे. रिपोर्ट आला की त्यांनाच कळवते. पहिलं नाव मुलीचं. आई त्या यादीत नव्हती. ८१ वर्षांची, झोप उडेल म्हणून. तिला सहा महिन्यांनी कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "माझी झोप मी बघितली असती." तेव्हा तिच्या वतीनं मीच ठरवून टाकलं होतं, जसं जाऊबाईंनी माझ्या वतीनं ठरवलं.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. फोन बाहेर काढा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' असं लिहिलेलं आहे, तिथे आधी बघा. तुमचे निरोप घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरही उघडत असले तर तिथे कळेल. पण ज्यांच्या घरात मारहाण आहे त्यांनी ते लगेच बंद करू नका, घरी संशय येईल. आधी आमच्याशी बोला. मग स्टेटस कुणाला दिसतं ते बघा. वगळायची यादी करण्यापेक्षा दाखवायची यादी करा, कारण वगळताना एखादा भाचा राहून जातो. आणि दाखवलेल्यातल्या कुणी फोटो काढून घेतला तर तुम्हाला कळत नाही, हे धरून चाला. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, नवऱ्याचा किंवा मुलाचा वापरतात, त्या माझ्याजवळ येऊन बसा. त्यांच्याशी मला वेगळं बोलायचं आहे.