साक्ष कीं चहाडी?

(ज्युबिली-समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिली हा आनंदाचा सण होय. परंतु इस्राएल लोकांच्या प्राचीन ज्युबिलीचा नियम असा होता कीं, त्या वर्षीं दासांची सुटका व्हावी आणि ज्याची वतनभूमि हातची गेली असेल त्यास ती परत मिळावी. न्यायावांचून ज्युबिली नाहीं, हाच त्याचा अर्थ. म्हणून आजच्या मंगल प्रसंगीं आम्ही आपल्यापुढें एक रूक्ष दिसणारा प्रश्न ठेवीत आहों : डोळ्यांदेखत अपराध घडत असतां त्याची खबर पोलिसांस देणें हें ख्रिस्ती माणसाचें कर्तव्य कीं ती चहाडी?

गेवराई तालुक्यांतील आपल्या चकलांब्यास पोलीस ठाणें आहे. पण शिपाई किती आणि वाड्यावस्त्या किती! दिवाळी सरली कीं या बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस दूरदेशीं जातात. घरांस कुलुपें लागतात. मागें राहतात ती थकलेलीं माणसें आणि लहान लेंकरें. अशा वेळीं कोणाच्या दारीं अनोळखी वाहन उभें आहे, गोदावरीच्या पात्रांतून रात्रीं वाळू कोण नेतो, कोणत्या म्हातारीस कोण लुबाडतो, हें ठाण्याच्या आधीं गांवाला ठाऊक असतें. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 यानें पोलीस पाटलावर खबर देण्याचा भार टाकला आहे खरा. पण पाटलाला तरी दोनच डोळे आहेत.

मग आपण कां बोलत नाहीं? पहिलें कारण भीति. "आमचें नांव फुटलें तर?" असें माणसें म्हणतात, आणि तें भय पोकळ नाहीं. यासाठींच कायद्यानें आडोसा ठेविला आहे. 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 131 व्या कलमान्वयें, अपराधाची बातमी कोठून मिळाली हें सांगण्यास कोणाहि मॅजिस्ट्रेटास किंवा पोलीस अधिकाऱ्यास भाग पाडतां येत नाहीं. हा नियम जुन्या पुराव्याच्या कायद्यांतहि होता. अमेरिकेंतील आल्बुकर्की शहरीं 1976 सालीं एका पेट्रोल पंपावर एका तरुणाचा खून झाला. तपास खुंटला, तेव्हां ग्रेग मॅकअलीस नांवाच्या पोलीस अंमलदारानें तो प्रसंग दूरचित्रवाणीवर दाखविला आणि कळविले कीं, माहिती देणाऱ्याचें नांव विचारलें जाणार नाहीं, उलट त्यास बक्षीस मिळेल. थोड्याच दिवसांत धागा हातीं लागला. तीच पद्धत पुढें अनेक देशांत पसरली. माणसाजवळ माहिती असते. त्याला हवा असतो तो अभय.

दुसरें कारण लाज. "बक्षिसासाठीं सांगणें म्हणजे यहूदाचीं तीस नाणींच नव्हेत काय?" असा प्रश्न आम्हांस एका वृद्ध मातेनें विचारिला होता. प्रश्न चोख आहे. पण यहूदानें निरपराध्यास त्याचा घात करूं पाहणाऱ्यांच्या हातीं दिलें. येथें तर निरपराध्याचें रक्षण करावयाचें आहे. 2011 च्या शिरगणतींत या जिल्ह्यांत सहा वर्षांखालील 1000 मुलग्यांमागें मुली अवघ्या 807 आढळल्या. गर्भांतच मुलीचा घात करणाऱ्यांची गुप्त खबर देणाऱ्यास महाराष्ट्र शासनानें 1 लाख रुपयांचें बक्षीस ठेविलें. तें घ्यावें कीं न घ्यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण जीव वाचत असतां गप्प बसण्याची मुभा कोणालाहि नाहीं. आणि येथें आम्ही आमचाहि दोष कबूल करितों. अठरा वर्षें न भरलेल्या मुलीचें लग्न लागतांना आपण अक्षता टाकल्या आहेत, पंगतीस जेवलों आहों, आणि घरीं येऊन हळहळलों आहों. 1098 या बालसाहाय्याच्या क्रमांकावर एक शब्द कळविला असता, तर कदाचित् ती मुलगी आज शाळेंत असती. काईनानेंहि देवास उलट विचारिलें होतें कीं, भावाची राखण माझ्याकडे आहे काय. आपलें मौन त्याच प्रश्नाचें दुसरें रूप होय.

परंतु तिसरी गोष्ट सर्वांत जपण्याची. दानिएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायांत सुसान्नेची कथा आहे. दोघां वडीलधाऱ्यांनीं तिजवर खोटा आळ घेतला, जमावानें तो खरा मानिला, आणि दानिएलानें दोघांस वेगळें करून तपासलें तेव्हांच ती वांचली. जेथें दानिएल नसतो तेथें काय होतें तें धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें 1 जुलै 2018 रोजीं दिसलें. मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. तिला खरें मानून जमावानें भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस ठार मारिलें. 2024 च्या पावसाळ्यांत मराठवाड्याच्या गांवोगांवीं रात्रीं ड्रोन फिरत असल्याच्या वार्तेनें असेंच भय दाटलें होतें. भ्यालेल्या गांवाची दृष्टि आधीं वळते ती पारध्याच्या पालाकडे किंवा परक्या फिरस्त्याकडे. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें जन्मावरूनच माणसास चोर ठरविलें होतें. तो कायदा 1952 सालीं गेला, मनांतला अद्याप गेलेला नाहीं. जातीवरून घेतलेला संशय ही खबर नव्हे. आठव्या आज्ञेनें निषिद्ध केलेली ती खोटी साक्षच होय.

तेव्हां साक्ष आणि चहाडी यांतील भेद असा : स्वतः पाहिलें तेंच सांगावें, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून सांगावें. ठाण्यास, पोलीस पाटलास किंवा 112 या क्रमांकावर सांगावें. पारावर नव्हे, भ्रमणध्वनीच्या गटांतहि नव्हे. वैर साधण्यासाठीं सांगूं नये. आणि सांगून झाल्यावर न्याय आपल्या हातीं घेऊं नये. पापनिवेदनाची गुप्तता मात्र सर्वथा निराळी आहे. त्या संस्कारांत धर्मगुरूनें ऐकलेलें कोणाहि सत्तेपुढें उघड होत नाहीं, हें कोणीं विसरूं नये.

यरीहोच्या वाटेवर घायाळ पडलेल्यास पाहून याजक आणि लेवी बाजूनें निघून गेले. त्यांनीं त्यास मारिलें नव्हतें. केवळ पाहिलें आणि ते पुढें गेले. येत्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील कोणीहि तसा पुढें न जावो, कुलूप लावून ऊसतोडीस गेलेल्या शेजाऱ्याचें घर आपल्या भरंवशावर निर्धास्त राहो, आणि ज्याचा अपराध नाहीं अशा कोणावरहि आपल्या जिभेमुळें हात न पडो, हीच प्रभूचरणीं आमची प्रार्थना.