घरची पंगत

घरीं चार माणसें जेवावयास बोलाविणें हा आनंदाचा प्रसंग खरा. परंतु तो आनंद घरांतील सर्वांच्या वांट्यास येतो काय, हा प्रश्न यजमानाच्या मनांत क्वचितच उभा राहतो. पाहुणे तृप्त होऊन निघतात, यजमानाच्या आतिथ्याची वाखाणणी होते, आणि त्याच वेळीं पहांटेपासून राबलेली गृहिणी निवालेल्या वरणाशीं दोन घांस खात असते. पंगतीची आखणी खरोखर करावयाची असेल, तर पानांची मोजणी त्या शेवटच्या पानापासून सुरू झाली पाहिजे.

या दृष्टीनें वऱ्हाडांतील रोडग्यांचें जेवण पाहण्यासारखें आहे. वाशीम जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला; त्याच्या रिसोड तालुक्यांत रिठद हें गांव आहे. या मुलखांत आतां सोयाबीनचें पीक फार वाढलें आहे; तथापि पाहुणे यावयाचे म्हटलें कीं रोडगे, तुरीचें वरण आणि वांग्यांची भाजी हा बेत आजही तितक्याच हौसेनें ठरतो. रोडगा जुना आहे. संत एकनाथांच्या भारुडांत सासरच्या माणसांना कंटाळलेली स्त्री भवानीला रोडग्याचाच नवस बोलते. भारुडाचा अर्थ आध्यात्मिक असला, तरी तिचा कंटाळा कोणत्याही गृहिणीस परका वाटणार नाहीं.

रोडग्यासाठीं गहूं जाडसर दळतात. त्या पिठांत मीठ, ओवा आणि तेलाचें मोहन घालून तें घट्ट भिजवितात. लहान लहान पाऱ्या तेलाचा हात लावून एकावर एक ठेवतात व त्यांचा गोळा वळतात. त्यामुळें आंत पदर सुटतात. अंगणांत गोवऱ्यांचा जगरा पेटवून, ज्वाळा बसल्या व निखारा उरला म्हणजे हे गोळे त्यांत भाजतात. भाजलेला रोडगा राख झटकून कुस्करावयाचा आणि त्यावर साजूक तूप सोडावयाचें. या रीतींतील विशेष असा कीं, विस्तव घराबाहेर असल्यानें तें काम पुष्कळदा पुरुषांच्या हातीं जातें. चुलीपुढील अर्धा भार अशा रीतीनें अंगणांत येतो. हा भार चुकून नव्हे तर ठरवून वांटला, तर पंगतीचें रूपच पालटतें.

आतां मोजमाप. पंचवीस माणसांच्या बेतास सुमारें चार किलो पीठ, सव्वा किलो तुरीची डाळ, साडेतीन किलो वांगीं आणि अर्धा-पाऊण किलो तूप साधारणपणें पुरतें. पिण्यास व हात धुण्यास मिळून पन्नास लिटर पाणी वेगळें भरून ठेवावें. ज्या भागांत उन्हाळ्यांत पाण्याची ओढ असते, तेथें ही मोजणी धान्याच्याही आधीं करावी. पदार्थांची संख्या वाढविण्यांत मात्र शहाणपण नाहीं. तीन पदार्थ पोटभर आणि ऊन ऊन मिळाले तर पाहुणा संतुष्ट होतो; अकरा पदार्थांपैकीं सहा पानांत टाकले गेले, तर ती संपन्नता नव्हे, उधळपट्टी होय. ऋण काढून सण करूं नये, ही म्हण या ठिकाणीं अक्षरशः लागू पडते.

आदल्या दिवशीं दळण आणावें, डाळ निवडावी, भांडीं मोजावीं. जेवण दुपारीं बारा वाजतां असेल, तर साडेनऊच्या सुमारास जगरा पेटला पाहिजे: तासभर निखारा होण्यास, तासभर भाजण्यास, आणि उरलेला वेळ कुस्करण्यास व पानें मांडण्यास. जगरा कुटारापासून व छपरापासून दूर असावा, जवळ पाण्याची बादली असावी, आणि जेवणें आटोपल्यावर राख पूर्ण विझवावी. वैशाखाच्या वाऱ्यांत एक ठिणगी वर्षाचा चारा खाऊन टाकते.

आरोग्याची एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. शिजलेलें अन्न साध्या हवेंत दोन तासांहून अधिक काळ ठेवूं नये, आणि वाढीपर्यंत तें ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राखावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. कांहीं जंतूंचें विष पुन्हा उकळल्यानेंही नाहींसें होत नाहीं. म्हणून दुपारचें वरण संध्याकाळच्या पाहुण्यांसाठीं पातेल्यांत झांकून ठेवण्याची काटकसर कधीं कधीं फार महाग पडते.

शहरांतील सदनिकेंत जगरा पेटविणें शक्य नाहीं, आणि धुराच्या दृष्टीनें तें इष्टही नाहीं. तेथें रोडगे ओव्हनमध्यें भाजतां येतात. गोवरीचा खमंगपणा येत नाहीं, पण बाकीचें सर्व साधतें. मुख्य म्हणजे कामाची वांटणी तेथेंही करतां येते. बाजार कोणीं करावा, भाजणें कोणीं पहावें, पहिल्या पंगतीस कोणीं वाढावें आणि भांडीं कोणीं आवरावीं, हें आमंत्रण देण्यापूर्वींच ठरावें. दुसऱ्या पंगतीस वाढणारे हात पहिल्या पंगतींत जेवून उठलेल्यांचे असावेत. असें झालें म्हणजे गृहिणीस पाहुण्यांच्या शेजारीं बसतां येतें, तिच्या पानांतील रोडगा ऊन असतो, आणि त्यावर तूप वाढावयास दुसरें कोणी उभें असतें. ज्या घरीं हें दृश्य दिसेल, तेथील पंगत पार पडली असें खुशाल म्हणावें.