मुंबईच्या सोन्याच्या आपल्याकडील खुणा



रत्नागिरीत पाहण्यासारखे काय, असे विचारले की शाळकरी पोरही रत्नदुर्ग, थिबा राजवाडा आणि टिळकांचे जन्मस्थान ही नावे घडाघडा म्हणून दाखवते. ती जरूर पाहावीत. परंतु आमचा वावर कामगारांत. आमच्या मनात दुसरीच यादी आहे आणि तीतल्या बहुतेक जागांवर पाटी नाही.

१८४८ साली कॅलिफोर्नियात एका लाकूडगिरणीच्या पाटात सोन्याचे कण सापडले आणि जगभरची माणसे तिकडे धावली. ती जागा तिकडच्या सरकारने जपून ठेवली आहे. आपल्या जमिनीतून सोने निघाले नाही. आपले सोने मुंबईस होते. कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि आपल्या कापसाच्या मोलाने मुंबईत सोन्याचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरला व सट्टेवाले बुडाले. गिरण्या मात्र पुढे वाढतच गेल्या. गिरणीला माणूस लागतो. तो गेला मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून; त्या वेळी आजचा सिंधुदुर्गही त्यात होता. कातळाची जमीन, एका पावसाचे भात आणि वर खोताचे देणे. राहून करणार काय?

तेव्हा आमच्या यादीत पहिली येतात बंदरे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसे तिच्यापर्यंत नेत. वळकटी, तांदळाचे गाठोडे, कुणाच्या काखेत फणस. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चार महिने ताटातूट. कॅलिफोर्नियात सुरुवातीला गेला तो आपल्यासाठी खणायला गेला. आपला माणूस दुसऱ्याच्या साच्यावर उभा राहिला, हा फरक विसरून चालणार नाही.

दुसरी जागा टपालकचेरी. मनीऑर्डर आली की चूल पेटे. कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमन वाचून दाखवी, आणि घरची बाई काय ऐकायचे ते त्याच्या तोंडाकडे पाहूनच ओळखी. गावचा शेतसारा, मुलीचे लग्न, कौलांची दुरुस्ती, सारे त्या खिडकीतून आले. अशा खिडकीला ऐतिहासिक म्हणायला लोक कचरतात, हे आम्हांला नवल वाटते.

मुंबईच्या कमाईतून उभी राहिलेली एक वास्तू मात्र सर्वांच्या माहितीची आहे. १९३१ सालचे पतितपावन मंदिर. सर्व जातींना खुले असलेल्या त्या देवळासाठी सावरकरांची खटपट होती, आणि पैसा दिला भागोजीशेठ कीर यांनी. गरीब भंडारी घरातला हा रत्नागिरीचा मुलगा मुंबईस गेला आणि बांधकामाच्या ठेक्यांत मोठा झाला. पण भागोजीशेठ लाखांत एक. बाकीच्यांनी एका खोलीत पाळीपाळीने झोपून, खानावळीत जेवून, महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले आणि मुंबईकर मंडळे काढली. आपल्या खेड्यांतल्या किती शाळा, किती देवळांचे सभामंडप, किती विहिरी या वर्गणीच्या आहेत!

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हा त्या गिरणगावातून गावी यायचे ते निवृत्त किंवा बेकार म्हणून.

आमची शाळा लवकर सुटली. वाचन पुढे दुकानांच्या आणि देवळांच्या पाट्यांवर झाले. म्हणून गावी गेलो की आम्ही वर्गणीदारांची फरशी आधी शोधतो. नाव, वाडी, रुपये पाच. रुपये दोन. शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधताना अशी एक फरशी उलटी करून पायरीला लावलेली आम्ही पाहिली. आपल्या गावी अशी फरशी असेल, तर येत्या सुटीत तीवरची नावे वहीत उतरून घ्यावीत आणि ती वही ग्रंथालयात द्यावी.