गेमचा सर्व्हर पाडतात कसा, वाचवायचा कसा

पोहरादेवीहून बोलतोय. आजचा विषय गेम खेळणाऱ्या आणि स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या पोरांसाठी.

मॅच रंगात आलेली असते आणि अचानक सगळ्यांचा पिंग वाढतो. मग सर्व्हर गायब. लगेच कोणीतरी म्हणतं, "हॅक झाला." पुष्कळदा आत कोणी शिरलेलंच नसतं. फक्त वाट अडवलेली असते. याला म्हणतात डीडॉस.

रामनवमीच्या यात्रेला आपल्याकडे किती गर्दी होते, तुम्हाला माहीतच आहे. समजा, त्या दिवशी कोणी मुद्दाम रिकाम्या गाड्यांची रांगच रांग गावाच्या रस्त्यावर सोडली. मंदिराच्या दारात कितीही स्वयंसेवक उभे करा, काय उपयोग? भाविक दारापर्यंत पोचतच नाही. त्या गाड्या अलीकडच्या फाट्यावरच वळवाव्या लागतात.

सर्व्हरचंही तसंच. तुमची लाइन १ गिगाबिटची आणि येतायत २०, तर सर्व्हरवरची फायरवॉल काही करू शकत नाही. ती पॅकेट फेकेल हो, पण तोवर लाइन भरलेली असते. म्हणून बचाव सर्व्हरच्या अलीकडे, म्हणजे होस्टिंगवाल्याच्या किंवा इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमध्येच व्हावा लागतो. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या छोट्या इंटरनेट कंपन्यांवर असाच हल्ला झाला. नेट मंदावलं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

त्याच वर्षी मिराई आला. अमेरिकेतल्या तीन तरुणांनी तो बनवला आणि माइनक्राफ्टच्या सर्व्हरांवर सोडला. त्यांच्यातल्या दोघांची डीडॉसपासून संरक्षण देणारी कंपनी होती, बोला आता! मिराईची फौज कुठली? लोकांच्या घरातले सीसीटीव्ही, डीव्हीआर आणि राउटर. पासवर्ड कंपनीने दिला तोच ठेवलेला, म्हणून सहज ताब्यात आले. पुढे मिराईचा कोड सगळ्यांसाठी उघडा टाकला गेला. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अडखळल्या. डिसेंबर २०१७ मध्ये त्या तिघांनी गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं.

मग आपण काय करायचं?

पहिलं, सर्व्हरचा खरा आयपी कोणाला दिसू देऊ नका. पुढे प्रॉक्सी ठेवा. व्हॉल्व्ह कंपनी हेच करते: खेळाडू तिच्या रिले नेटवर्कला जोडला जातो, गेम सर्व्हरचा पत्ता त्याला कळतच नाही. आणि आयपी एकदा फुटला असेल तर प्रॉक्सी लावाच, पण आयपीही बदला. जुनाच आयपी ठेवून नुसती प्रॉक्सी लावली तर सगळं वाया.

दुसरं, घरच्या लाइनवर सार्वजनिक सर्व्हर चालवू नका. होस्टिंग घेताना रॅम किती हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, "यूडीपीचा हल्ला आला तर तुम्ही गाळता, की माझा आयपीच बंद करता?" आयपी बंद केला तर कंपनीचं नेटवर्क वाचतं, तुमचा सर्व्हर मात्र पडलेलाच.

तिसरं, गेम स्वतः लिहित असाल तर. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा टाकता येतो. म्हणून नवीन कोणी आलं की आधी एक छोटा टोकन पाठवा. तो परत आला तरच पुढचं काम करा. आणि तोवर, आलेल्या पॅकेटपेक्षा मोठं उत्तर देऊ नका. नाहीतर तुमचाच सर्व्हर दुसऱ्याला मारायला वापरतील.

आता थोडं कडू. हरलो म्हणून पैसे देऊन समोरच्याचा सर्व्हर पाडणारी पोरं असतात. त्यांना ती गंमत वाटते. आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली याला ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सतराव्या-अठराव्या वर्षी पोलीस केस कोणाला परवडते, सांगा?

आणि हो, आज घरी किंवा दुकानात डीव्हीआर असेल तर त्याचा पासवर्ड बदला. कोणाच्या तरी हल्ल्यात तुमचा कॅमेरा नको.

भेटू पुढच्या भागात. जय सेवालाल.